बिब्बा आणि वहीतले तीन दिवस

डॉ. उमा शिवकांत मठपती, ज्या रोगावर तू औषध शोधत होतीस, त्याच रोगाने तू गेलीस.

तू लिंगैक्य होऊन आज वर्ष झाले.

परभणीच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत तू बिब्ब्याच्या अर्कातली द्रव्ये वेगळी करायचीस. काचेच्या थाळीत जठराच्या कर्करोगाच्या पेशी असत. काही थाळ्यांत त्या मरत.

तू कधी हरखली नाहीस. "पुन्हा रिपीट करू," एवढेच.

बिब्बे पेडगावच्या गंगूमावशी आणून देत. तुझ्या हातमोज्यांना त्या हसत.

"म्याडम, आधी खोबरेल चोळा, मंग मोजे घाला. बिब्बा लय खुनशी हाय. इसरत न्हाई."

मी ते ऐकले होते.

मग तुझाच रिपोर्ट आला. केमो सुरू झाली. तू स्वतःचीही वही ठेवलीस. वजन, ताप, उलट्या, रोजच्या रोज.

एका सकाळी मी बिब्बा तापवून त्याचे तेल दुधात पाडले. वर हळद घातली आणि तुला न सांगता तो पेला दिला. असे तीन दिवस.

चौथ्या सकाळी तू पेला हातात घेतलास आणि माझ्या बोटांकडे पाहिलेस. फोड आले होते.

"अहो, तुम्हाला बिब्बा उतलाय."

पेला तू मोरीत ओतलास. रागावली नाहीस.

"थाळीतल्या पेशींना यकृत नसतं, माणसाला असतं. गंगूमावशींची सून औषध म्हणून माझा अर्क मागायला आली, तिला मी नाही म्हणाले. स्वतःला हो कसं म्हणू?"

थोड्या वेळाने विचारलेस, "किती दिवस देताय?"

"आजच पहिल्यांदा," मी म्हणालो.

तू सगळे तपासायचीस. हे तेवढे तपासले नाहीस.

त्याच आठवड्यात तुझे तोंड सोलवटले. डॉक्टरांनी पुढची केमो लांबवली. ती पुन्हा सुरू झालीच नाही.

दुधामुळे की रोगामुळे, हे मला कोणीही सांगू शकले नाही. कारण मी कोणाला विचारलेच नाही.

मित्रहो, अर्कासाठी कृपया मला मेसेज पाठवू नयेत. उरलेल्या बाटल्यांवर तिच्या हातची चिठ्ठी आहे: माणसांसाठी नाही.

आज तुझी प्रयोगशाळा महाविद्यालयाकडे परत सोपवण्यासाठी गेलो. कपाटात ती वही होती. त्या तीन तारखांसमोर तुझे अक्षर: "उलट्या. कारण अज्ञात."

तिन्ही ठिकाणी मी कारण लिहिले. खाली सही केली.

उमा, येतो.

दाराला कुलूप लावले. चाव्या कार्यालयात परत केल्या.