सुगंधाकाकीने ठेवलेला नारळ

तारकर्लीची सुगंधाकाकी कुणाशी गोड बोलल्याचं मला तरी आठवत नाही. मालवणच्या बाजारात वीस वर्षं ती मासे विकायला बसली. कुणी सुरमईचा कल्ला उचलून बघितला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला. तरी गर्दी तिच्याचपुढे, कारण तिची मासळी कधी शिळी नसे. नवरा लवकर गेला. त्या टोपलीवर तिने नितेशला शिकवलं आणि तेल वाहून नेणाऱ्या मोठ्या जहाजावर नोकरीला पाठवलं.

२००९ साली रजेवर आलेल्या नितेशने आईला कॉम्प्युटर घेऊन दिला. बाजारात दुरुस्तीचं दुकान माझं, म्हणून बसवायला मी गेलो आणि ही ब्याद कायमची गळ्यात पडली. मेलचा पासवर्ड नितेशने मशीनमध्येच घालून ठेवला होता. काकीने एका चित्रावर बोट दाबायचं आणि लेकाचं पत्र वाचायचं. उत्तर टाइप करायला शेजारची सलोनी यायची. सलोनी म्हणजे काकीची जाऊ यशोदा, तिची मुलगी. दोघी जावांमध्ये दहा वर्षं विस्तव जात नव्हता. काकीची रस्त्याला लागायची जवळची वाट यशोदेच्या खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून होती. काकी तिथून मुद्दाम पाय आपटत जायची आणि यशोदा घरातून शिव्या घालायची. पोरगी मात्र दोघींना न जुमानता यायची.

नोव्हेंबरात नितेशचं जहाज एडनच्या आखाताकडे निघालं. सोमालियाच्या चाच्यांच्या बातम्या तेव्हा रोज पेपरात होत्या. काकी अन्न गिळत होती ते त्याच्या मेलवर. आणि नेमकं त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, तिचं इंटरनेट बंद पडलं.

मी गेलो. फोनला जोडलेल्या इंटरनेटच्या डब्यावरचे दिवे नीट पेटत होते, पण एकही पान उघडत नव्हतं. व्हायरस होता. त्याने बाहेर जायची वाटच खोट्या पत्त्याकडे वळवून ठेवली होती आणि माझी अँटीव्हायरसची जुनी सीडी त्याला ओळखत नव्हती. कुडाळहून नवी आणून शनिवारी येतो म्हटलं. मालवणात सायबर कॅफेत बसून मेल बघूया, असंही सुचवलं, तर पासवर्ड तिला ठाऊक नव्हता. जहाज कंपनीच्या मुंबईच्या हापिसात फोन केला, तर ते 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणत. काकी माझ्यावरच घसरली.

"तूच काय तरी घालून ठेवलंस, परत परत येवक गावता म्हणान."

माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, व्हायरस आपोआप उगवत नाही, बाहेरून कुणीतरी आणून घालतो, शेवटी मशीनवर कोण बसलं होतं ते बघ. हे बोलायला नको होतं. मंगळवारी सकाळी सलोनी परीक्षेचा फॉर्म भरायला बसली होती. काकीने लगेच हिशोब लावला: आईने पोरीकडून करवलं.

बुधवारी तिने गावच्या देवळात नारळ ठेवला. आमच्याकडे भांडणातला हा शेवटचा उपाय: ज्याने वाईट केलं त्याला देवानेच शिक्षा द्यावी. कोर्टाचा निकाल फिरतो, देवापुढचा नारळ फिरत नाही, असं इथली माणसं मानतात. गुरवाने काकीच्या सांगण्यावरून गाऱ्हाणं घातलं, "ज्या कोणी ही पीडा हिच्या घरात घातल्यान आसात, तेका सोताच्या घराचो उंबरो दिसूचो नाय, असा कर रे म्हाराजा." जमलेले चारजण 'व्हय म्हाराजा' म्हणाले. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण ते कुणावर होतं ते अख्ख्या वाडीला कळलं. पोरीचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडू नये म्हणून यशोदेने सलोनीला घरात कोंडलं.

शनिवारी मी नवी सीडी लावली. व्हायरस सापडला आणि त्याची पहिली फाइलही सापडली. ती सोमवारी संध्याकाळी मशीनमध्ये शिरली होती. सोमवारी काय केलंस, विचारलं. काकीने कौतुकाने निळा पेन ड्राइव्ह पुढे केला. नितेशचा जामसंड्याचा सोबती रजेवर आला होता, त्याच्या हाती नितेशने जहाजावरचे फोटो पाठवले होते. ते बघायला तिनेच तो मशीनला लावला होता. मी तपासला. घाण त्यातच होती.

गप्प बसता आलं असतं. पण पोरगी कोंडलेली होती, आणि खरं सांगतो, मला काकीचा रागही आला होता.

"काकी, सलोनीन काय एक करूक नाय. ह्या तुझ्या झिलाच्या पेन ड्राइव्हातसून इलां."

तिने ठेवलेला नारळ लेकावरच पडला होता, हे तिला कळायला क्षणभर लागला. मग ती जमिनीवरच बसली. मी घाईघाईने मेल उघडली. सोमवारी रात्रीची एक होती: आई, उद्या आखातात शिरतोय, बाहेर पडलो की लिहीन. त्यानंतर काही नाही. पाच दिवस झाले होते. काकी उठली आणि थेट गुरवाकडे निघाली; मीही मागोमाग गेलो.

गुरव म्हणाला, नारळ उचलता येईल, पण ज्याच्यावर पडला त्याचं नाव देवापुढे घ्यावं लागेल, आणि ज्याच्यावर आळ घेतला तो माणूस समोर हवा. काकी यशोदेच्या दारात गेली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. यशोदा बाहेर आली ती पदर खोचून, तोंड वाकडं करून, काकीच्या दहा पावलं पुढे चालत.

देवळात गुरवाने नाव विचारलं. काकीला ते घेववेना. स्वतःच्या तोंडाने लेकाचं नाव त्या गाऱ्हाण्याला जोडायचं होतं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा यशोदा खेकसली.

"नितेशाचा नाव हय घेव नको. म्हण, नारळ यशोदेर ठेवलंय."

काकीने यशोदेचं नाव घेतलं. गुरवाने नारळ उचलला. पायऱ्या उतरताना काकी तिचा हात धरायला गेली, तो यशोदेने झटकला. "माझ्या खळ्यातसून परत चलत दिसलंस, तर पाय मोडीन," असं म्हणून ती निघून गेली.

मंगळवारी नितेशची मेल आली, आखातातून सुखरूप बाहेर पडल्याची. उत्तर टाइप करायला सलोनीच बसली होती. तेव्हापासून काकी रस्त्यावर जायला सगळ्या माडांना वळसा घालून जाते, पावसातसुद्धा, आणि यशोदेच्या खळ्याकडे तोंड आलं की देवळापुढून जाताना काढावी तशी चप्पल काढून हातात घेते.