सरावलेलं झुरळ

साठच्या दशकात सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना माझा वर्गात पहिला नंबर असे. घरी उसाची जमीन, वडील फौजेत. दुसरा येणारा माझा खोलीतला सोबती आष्ट्याचा. त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला, तेव्हा तो शाळेत होता. दुसऱ्या कुणाच्या मागं पडलो असतो तर मी ते सोसलं असतं. त्याच्या मागं पडायची कल्पनाही सोसवेना, आणि का सोसवेना हे मला नीट ठाऊक होतं.

मोडक्या ट्रान्झिस्टरचे भाग जोडून त्यानं झुरळाच्या पोटातल्या मज्जारज्जूचा आवाज स्पीकरवर आणला. दोन टाचण्या, दोन तारा, एक बॅटरी. त्यानं घरून आणलेल्या आईच्या फुंकणीतून शेपटाच्या केसांवर फुंकर मारली की लाह्या फुटाव्यात तशी तडतड होई. फुंकत राहिलं की तडतड मंदावत जाई आणि झुरळ पाय झाडायचंही सोडून देई.

"दमलं बिचारं," मी म्हणालो.

"दमलं न्हाई गड्या, सरावलंय. बघ." त्यानं केसांना गवताची काडी टेकवली. तडतड पुन्हा जोरात. "दमलं असतं तर आता वरडलं असतं व्हय? फुंकरीत भ्या न्हाई, येवढं त्याला कळलं. त्याच्या पेशी शिकल्या."

सरांनी ते ऐकलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तू पाठ करतोस. हा विचारतो." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुण्याला संशोधनासाठी सर एकाचंच नाव पाठवणार होते. फक्त एक शंका त्यांना छळत होती. प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. तिच्या मोटारीचीच खरखर तारांत शिरत नसेल कशावरून? त्यांनी मला एकट्याला बोलावलं.

"परवा दुपारी वीज गेली होती. गिरणी बंद होती. तुम्ही दोघंच आत होता. तेव्हा आवाज येत होता?"

येत होता. गिरणी गप्प झाल्यावर तर अधिकच स्वच्छ.

"नाही, सर," मी म्हणालो.

सरांकडून माझं उत्तर कळल्यावर त्यानं खोलीवर विचारलं, "आवाज न्हवता म्हणालास व्हय रं? आनि 'अजून एकदा फुंक' असं कोण म्हणत हुतं?"

"तुला भास झाला असेल."

तो भांडला नाही. पेटी उचलून दुसऱ्या खोलीत राहायला गेला.

पुण्याला मी गेलो. त्यानं मलकापुरात रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढं मी प्राध्यापक झालो. दरवर्षी मुलांना सांगत आलो, हे थकणं नव्हे, सरावणं. शब्द फार चपखल आहे, असं मुलं म्हणत. तो शब्द त्याचा होता, प्रयोगही त्याचाच, आणि आवाज खरा होता.

हे लिहून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. पण लिहितानाही मत्सर गेलेला नाही. एवढी वर्षं चांगली यंत्रं हाताशी असून, कुणी आधी न सांगितलेली एकही गोष्ट मला ऐकू आली नाही.