काकीचा मनीप्लांट आणि बांगड्याचं पाणी

भांडुपच्या चाळीतली खोली सोडून बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं, तेव्हा सामान तयार होतं, फक्त काकी तयार नव्हती. मी गावची शाळा संपवून कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आलेलो. चाळीतल्या सगळ्यांच्या नकला करायचो, त्यामुळे चहा फुकट मिळायचा आणि शिव्याही.

काकी अडून बसली त्याचं कारण होतं मनीप्लांट. काका जिवंत असताना त्यांनी तो तेलाच्या डब्यात लावलेला. भिंत चढून, माळ्याला वळसा घालून तो पार दाराच्या चौकटीपर्यंत पोचलेला. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, डबा उचलायला गेला आणि गंजलेला तळ जमिनीलाच चिकटून राहिला. मुळं तटातट तुटली. दोन-चार दिवसांत वेल पिवळा पडायला लागला.

काकी ओरडली नाही. तेच वाईट. म्हणाली, "हा जगला तर मी येते. नाहीतर तुम्ही जावा."

खोलीची चावी महिनाअखेर मालकाला द्यायची होती. दादाला घाम फुटला. मी हिरवे शेंडे कापले, जॅमच्या बाटल्यांत पाणी भरून त्यात ठेवले, खिडकीत मांडले. मनीप्लांट हो, गटारात पडला तरी जगतो. आमच्याकडे कुजला. देठ काळे, बुळबुळीत, आणि वास असा, की चाळीतलं मांजर खिडकीत मुक्कामाला आलं.

मी एक बाटली उजेडात धरली. आत खवले तरंगत होते.

"काकी, यात मासे धुतलेलं पाणी घातलंस?"

"मग? तुझे काका बांगड्याचं पाणीच घालायचे. बघ केवढा वाढला."

"ते मातीत गं."

"शिकवू नको मला. काल आलास गावावरनं."

मी पुन्हा शेंडे कापले. वेलावर हिरवं आता जेमतेम उरलेलं. दुसऱ्या दिवशी काकीने बांगडे आणले, मोरीत साफ केले आणि पाण्याचं पातेलं घेऊन सरळ खिडकीकडे निघाली. माझी तर फाटली. माझं ती ऐकणार नव्हतीच. तोंडातून काकांचा मालवणी आवाज निघाला, नाकातला, बोलायच्या आधी खाकरणारा.

"अगो, मातीत ता जिरता. बाटलेत खंय जातला? साधा पाणी घाल."

काका गेल्यापासून त्यांची नक्कल मी केली नव्हती. दादा खोकं हातात धरून तसाच उभा. मला वाटलं, आता पातेलं माझ्या डोक्यात.

काकी पातेल्यासकट माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मेल्या, ते एवढं कधी बोलायचे मला? घाबरायचे." आणि हसली. डोळे मनगटाने पुसले, कारण बोटांना मासे. पाणी मोरीत ओतलं.

मग बाटल्यांत नळाचं पाणी सुरू झालं. रोज सकाळी ती चष्मा लावून बाटल्या बघायची आणि आम्ही दोघं तिचं तोंड बघायचो. एकदा तिने हाक मारली, "इकडे ये रे. हे काय आलंय?"

पेरापाशी शेवईएवढं पांढरं टोक. मूळच. दादा फतकल मारून खालीच बसला. "वाचलो यार," एवढंच म्हणाला.

टेम्पोत आम्ही पुढेच दाटीवाटीने बसलो, बाटल्या काकीच्या मांडीवर. वाटेत तिने दादाला विचारलं, "काय रे, त्या घराची खिडकी कुठल्या बाजूला?" तोवर तिने फ्लॅटबद्दल चकार शब्द विचारला नव्हता. दादा सांगत सुटला: खिडकी, वारा, कट्टा, चोवीस तास पाणी. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मी पण येतो राहायला."