उजेडाचा पाटकरी

पलूसजवळच्या आठ घरांच्या वस्तीवर अर्जुना बत्तीस वर्षं पाटकरी होता. म्हणजे पाणी सोसायटीच्या पाइपलाइनीचा व्हॉल्व्ह कुणाच्या उसाला कधी उघडायचा, ते ठरल्या पाळीनं तो पार पाडायचा. पाळी मोडून त्यानं सख्ख्या भावाला तांब्याभर पाणी दिलं नाही. पुढं ठिबक आलं, व्हॉल्व्ह घड्याळावर उघडायला लागले आणि अर्जुना रिकामा झाला.

मग वस्तीवर इंटरनेटचं फायबर आलं. सोसायटीचे चेअरमन, रिटायर्ड सुभेदार लालासाहेब यांच्या भिंतीवर एक डबा बसला. त्यात स्प्लिटर. एक तार आत, आठ तारा बाहेर, घरटी एक. लालासाहेबांनी डबा एकदा पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. त्यांना नेहमीच एकदा पाहून सगळं कळतं.

"ही मेन लाइन, ह्या आठ चाऱ्या. आठी एकदम उघडल्या तर शेवटच्याला काय घावणार? पाळी लावा!"

रीतसर ठराव झाला. सूचक, अनुमोदक, सह्या. चेअरमनच्या घराला रोज, बाकी सातांना आठवड्यातला एकेक वार. डब्याची किल्ली अर्जुनाकडं. रोज सकाळी सहाला तो कालची तार उपसायचा, आजच्या तारेचं टोक सदऱ्याला पुसायचा, वर फुंकर मारायचा आणि खोचायचा. सहा महिन्यांत एक दिवस चुकला नाही.

त्याच्या स्वतःच्या घराचा वार शनिवार. मुलीची, कराडला इंजिनिअर झालेल्या राजेश्वरीची, पुण्याच्या कंपनीतली मुलाखत आली गुरुवारी अकराला, ऑनलाइन.

"आबा, ते दुसऱ्यांदा बोलवत नाहीत. लॅपटॉपवर घेणार आहेत, मोबाइलला इथं रेंज नाही."

"गुरुवार हरणाबाईचा हाय."

"हरणाबाई मालिका बघते!"

"तिची पाळी हाय. ती काय बी बघंल."

राजेश्वरी बापाशी बोलेनाशी झाली, पण गप्प बसली नाही. तिनं फायबरवाल्या कंपनीकडं तक्रार नोंदवली. गुरुवारी दहाला ब्राह्मी नावाची टेक्निशियन स्कूटीवरून आली, डबा उघडला आणि कपाळाला हात लावला.

"हे कुणी केलं?"

"म्या," अर्जुना छाती काढून म्हणाला.

"काका, ही काचेची तार आहे, इंटरनेट हिच्यातून उजेड होऊन येतं. टोकावर धुळीचा कण बसला तरी उजेड अडतो. आणि तुम्ही सदऱ्यानं पुसता?"

"बरं, न्हाई पुसत. पर पाळी?"

"पाळी कसली? याला ना वीज, ना व्हॉल्व्ह. उजेड आत आला की त्याचे आठ सारखे वाटे पडतात. तार लावा नाहीतर काढा, वाटा तेवढाच. आठही घरांचं सगळं सगळीकडं जातं, घरातलं मशीन आपल्या नावाचं तेवढं उचलतं."

"सहा उपसल्या तर ऱ्हायलेल्याला जास्त मिळत न्हाई?"

ब्राह्मीनं एका भोकाला उजेड मोजायचा मीटर लावला. बाकीच्या तारा काढल्या, घातल्या. आकडा हलला नाही. अर्जुनानं तिला तीनदा काढायला-घालायला लावलं.

"मंग त्ये सहा वाटे?"

"वाया जात होते, रोज."

अर्जुना खाली बसला. बत्तीस वर्षांत त्यानं थेंब सांडू दिला नव्हता.

ब्राह्मीला दया आली असावी. "घरून वर पाठवताना पाळी असते, काका. पण ती आमच्या ऑफिसातलं मशीन देतं, सेकंदाला हजारो वेळा."

"चेअरमनला आधी देतं?"

"त्याला चेअरमन कळत नाही."

अर्जुनाला ते मशीन आवडलं.

तिनं आठही टोकं स्पिरिटनं पुसून खोचली. पावणेअकराला लालासाहेब बाहेर आले. "अर्जुना, आज गुरुवार. हरणाबाईची नि माजी सोडून सगळ्या उपस. ठराव हाय."

अर्जुनानं डब्यात पाहिलं. मग झाकण लावलं, किल्ली फिरवली.

"पाळीपरमानंच हाय, सायेब."

आयुष्यातलं पहिलं खोटं त्यानं एवढ्या सरळ तोंडानं सांगितलं, की ब्राह्मीसुद्धा फसली असती. मुलाखत चाळीस मिनिटं चालली, एकदाही अडकली नाही. राजेश्वरीची निवड झाली, आणि ती बापाशी बोलायला लागली.

पुढल्या मीटिंगीत लालासाहेबांनी अर्जुनाच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. "बघा, पाळी कडक पाळली की लाइन कशी पळती! आता वार नसला तरी घरोघरी चालतंय."

अर्जुना अजून रोज सहाला जातो. डबा उघडतो, हात मागं बांधून आठही तारा बघतो आणि कशालाही हात न लावता किल्ली फिरवून परत येतो.