रक्त दादाचं, जीभ सुरेखाची

अपॉइंटमेंट सुरेखाची होती. खुर्चीत मात्र एक भरघोस मिशांचा गडी आ वासून बसला होता.

"तुम्ही कोण?"

"संतोष. तिचा थोरला भाऊ. बघा पटकन, म्हंजी निघतो. वडगावला जायचंय."

मी दौंडमध्ये दातांची डॉक्टर. सुरेखाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया आहे. जन्मजात आजार. हाडांच्या आतली मज्जा पुरेसं रक्त तयार करत नाही. लहानपणी संतोषने तिला आपली मज्जा दिली, बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं आणि पोरगी वाचली. पण या आजारात तोंडाच्या कॅन्सरचा धोका तरुण वयातच फार असतो, तंबाखूला कधी हात लावला नसला तरी. म्हणून दर सहा महिन्यांनी मी तिचं तोंड तपासते.

"अहो, पण पेशंट कुठंय?"

"तिच्या अंगात रक्त माझंच हाय न्हवं? पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलंय. मग माझं तोंड बघितलं काय आन् तिचं काय!"

सोसायटीच्या मीटिंगला भावाच्या वतीने बसावं, तसा तो निवांत बसला होता.

"रक्त तुमचं," मी म्हणाले, "पण जीभ, गाल, घसा तिचेच. ट्रान्सप्लांटने तिथला दोष जात नाही."

त्याचा चेहरा पडला. "मॅडम, तिच्या जिभेवर पांढरा चट्टा आलाय. लई भ्यालीय. बाहेर पिकअपमधी बसलीय, उतरंना."

मला राग आला. टॉर्च आणि हातमोजे घेऊन मी थेट बाहेर गेले, संतोष माझ्या मागोमाग. सुरेखा ओढणीने तोंड झाकून बसली होती.

"दादाचं बघितलं ना, मॅडम?"

"बघितलं. गालात तंबाखूची गोळी आहे त्याच्या."

"दादा! सोडली म्हणला होतास की रं!" ती किंचाळली. तेवढ्या उघड्या तोंडात मी टॉर्च मारला.

चट्टा जिभेच्या कडेला होता. पुसून निघेना. त्याच दिवशी तिला बायोप्सीसाठी, म्हणजे तुकडा काढून तपासायला, पुण्याला पाठवलं. कॅन्सर नव्हता, पण त्याच वाटेवर होता. सर्जनने सगळा चट्टा काढून टाकला. रिपोर्ट वाचून मी केबिनचं दार लावून रडले. सांगायला लाज कसली?

आता सुरेखा दर तीन महिन्यांनी येते. संतोषही आ करतो, तिच्या देखरेखीखाली.

भावाला बहिणीसाठी मज्जा देता येते. तपासणीला तिलाच यावं लागतं.