डबडूला न्यायला कोण आलं?

आमच्या वेळी शनिवारी शाळा सकाळची असायची आणि टीव्हीवरचं ते कार्टूनही शनिवारी सकाळीच लागायचं. त्यामुळे माझ्या वर्गातल्या एकाही लेकराने ते कधी पाहिलं नाही. तरी आम्हाला ते पाठ होतं. कारण गुणाक्का पाहायची, आणि शाळा सुटली की मारुतीच्या पायरीवर बसून आम्हाला सांगायची.

लोह्याकडून अहमदपूरला येताना मोठ्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव आहे. तेव्हा गावात रंगीत टीव्ही एकाच घरी होता, अमृतरावांच्या. गुणाक्का त्यांच्याकडे तुरीची डाळ निवडायला जायची. पुढ्यात सूप, एक पाय मुडपलेला, दुसरा सरळ लांब केलेला, कारण तो मुडपतच नव्हता. समोर टीव्ही चालू. ते कार्टून परदेशातलं होतं. आधी त्याचे मोठे सिनेमे निघाले होते म्हणे, ताऱ्यांमधून फिरणाऱ्या एका यानाचे, आणि त्यावरून हे पोरांसाठी केलेलं. सगळं इंग्रजीत. गुणाक्का चौथीपर्यंत शिकलेली, तीही आमच्यासारखी मराठी शाळेत.

पण तिचं कधी अडलं नाही. दुपारी आम्ही दप्तरासकट पायरीवर गोळा व्हायचो. ती आधी मारुतीला तेल घालायची, पायरीला हात लावून तो कपाळी लावायची, मग म्हणायची, "हं. कुठं राहिलं व्हतं आपलं यान?"

"धूमकेतूच्या शेपटीत!" आम्ही ओरडायचो.

यानावरच्या सगळ्यांना तिनेच नावं दिली होती. मिशीवाले कप्तान म्हणजे अण्णा. निळ्या अंगाची, चार हातांची बाई म्हणजे निळीमावशी. चार हात असल्यामुळे तिचा स्वयंपाक लवकर व्हायचा. आणि पत्र्याचा एक बुटका यंत्रमाणूस, चालताना खडखड वाजणारा, तो डबडू. डबडू आमचा सगळ्यांचा लाडका. रविकिरण नावाचा माझ्या वर्गातला मुलगा तर डबडूसारखा खडखडत घरी जायचा आणि आईचा मार खायचा.

गुणाक्काचा पाय जन्माचा तसा नव्हता. तिला लोह्याकडे दिली होती. लग्नाला दोन वर्षंही झाली नसतील, विहिरीच्या पायऱ्यांवरून घागरीसकट पडली. हाड बसवणाऱ्याने वाकडं बसवलं. सासरच्यांनी तिला बैलगाडीतून माहेरी आणून सोडलं आणि सांगितलं, पाय बरा झाला की न्यायला येऊ. गुणाक्का म्हणे वर्षभर ट्रंक भरूनच ठेवायची. मग कळलं, तिकडे दुसरी आणली. तरी ती ट्रंक उघडेना. हे मला माझ्या आईने फार नंतर सांगितलं. आम्ही लेकरं होतो तेव्हा गुणाक्का ही गुणाक्का होती, एवढंच आम्हाला माहीत होतं.

एका शनिवारी तिने सांगितलं, यान बर्फाच्या एका गोळ्यावर उतरलं, डबडूचा पाय मोडला आणि तो तिथंच मागे राहिला. रविकिरण रडायला लागला. "रडू नको रे," गुणाक्का म्हणाली, "येत्या शनिवारी न्यायला येतेत त्येला." आठवडाभर आम्ही दुसरं काही बोललो नसू. आणि पुढच्या शनिवारी ते आले. अण्णा स्वतः उतरले, निळीमावशीने चारही हातांनी डबडूला उचललं, त्याच्या पायाला एरंडाचं पान बांधलं. आम्ही पायरीवर उड्या मारल्या. पुजाऱ्यांनी आतून विचारलं, "काय गं गुणे, कुनाला पोरगा झाला का काय?"

पुढे गावात अंगणवाडी निघाली तेव्हा मदतनीस म्हणून तिचंच नाव पुढे आलं. गोष्टी सांगते, लेकरं तिच्याजवळ रडत नाहीत, म्हणून. खिचडी शिजवायची, आणि सकाळी दारोदार फिरून लेकरं घेऊन यायची, हे तिचं काम. एक पाय ओढत, दोन्ही हातांना दोन-दोन लेकरं, अशी ती जन्मभर गावातून चालली. जे आईला सोडून यायला तयार नसायचं त्याच्या दारात ती बसून राहायची. "मला काय घाई न्हाई," म्हणायची.

मागच्या महिन्यात ती निवृत्त झाली. रविकिरणचं आता नांदेडला फोटोचं दुकान आहे. त्याचा मला लातूरला फोन आला.

"सिंधे, सापडलं!"

"काय?"

"डबडू! सगळं सापडलं, अन् हिंदीत बोललेलं. गुणाक्काच्या निरोपाला शाळेतल्या मोठ्या टीव्हीवर लावू. शेवटचे दोन भाग. शनिवारीच ठेवलाय कार्यक्रम. आख्ख्या गावाला बोलावलंय."

"तू पाहिलंस का ते?"

"मी काऊन पाहू? मला पाठ हाय की."

त्याने पाठवलं ते मी दुपारी कामं आटोपून बघत बसले. आधी हसायला आलं. अण्णांना ताप येतो आणि निळीमावशी त्यांना काढा पाजते, असं गुणाक्काने सांगितलं होतं. तो काढा नव्हता, विष होतं. निळीमावशी शत्रूची हेर होती. अण्णा भोळे नव्हते, चांगलेच खडूस होते. आम्ही ज्या यानावर जीव लावला त्यातलं जवळजवळ कुणीच चांगलं नव्हतं.

मग शेवटचा भाग लावला, आणि माझं हसू गेलं. डबडूचा पाय मोडतो. कप्तान म्हणतो, याचं ओझं कशाला, नवा घेऊ. यान उडतं. डबडू वर बघत राहतो, त्याच्यावर बर्फ पडत राहतो, आणि कार्टून संपतं. त्याच्यापुढे काही नाहीच. मी दोनदा शोधलं.

मी देवापुढे जाऊन बसले. आख्ख्या गावासमोर हे लागणार. आमच्या वयाचे हसतील, म्हणतील, अक्का, तुम्ही तर थापाच मारल्या की. आणि जुनी माणसं हसणार नाहीत, ती तिच्याकडे बघतील. पाय मोडलेल्याला सोडून कोण गेलं, न्यायला कोण आलं नाही, हे त्यांना ठाऊक आहे. निरोपाच्या दिवशी, नवं लुगडं नेसून, तिने ते बघायचं. रविकिरणला मी सांगितलं. तो म्हणाला, "तू तिला विचार. ती न्हाई म्हनली तर मी टीव्ही बिघडला म्हनतो."

शुक्रवारी एसटीने गावी गेले. गुणाक्का अंगणात शेंगा फोडत होती. मला बघून म्हणाली, "ये गं लातूरवाली. कार्यक्रम उद्या हाय, आजच जेवायला आलीस व्हय?"

मी तिच्याजवळ बसले, फोन काढला आणि सगळं खरं सांगितलं. तिने डोळ्यांजवळ धरून पाहिलं. काढ्याशी आली तशी फोन खाली केला. "इख व्हतं ते?"

"हो."

"आगं बया! अन् मी मस्त आद्रक-तुळस घालून सांगितलं व्हतं की तुमाला!" ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "चार हाताची बाई, म्हनलं करती बिचारी समद्यांचं. इंग्रजी कुठं कळत व्हतं मला?"

मग डबडू आला. ती हसायची थांबली. यान उडालं तरी तिने फोन खाली ठेवला नाही. संपल्यावर म्हणाली, "हे मला तवाच कळालं व्हतं, सिंधे."

तिने फोन माझ्या हातात दिला आणि एक शेंग उचलली.

"सोडून चालले, हे कळायला भाषा कशाला लागती? पुढच्या शनिवारी मी सूप बाजूला ठिवून बसले, आता येतेन म्हनून. तर तिथं दुसरंच कायतरी लागलं, उंदरा-मांजराचं. तसंच उठले अन् आले पायरीवर. तुमी समदे बसलेले. तो रव्या तर तोंड वासून. मीबी तवा वाट बघून राहिले व्हते गं. तुमाला कसं सांगू, कुनी येत न्हाई म्हनून?" शेंगेचं टरफल तिने बोटात धरून ठेवलं होतं. "मारुतीला म्हनले, ह्या खोट्याचं पाप मह्या पदरात घाल. लेकरायला हसत घरी जाऊ दे."

"मग उद्या नको लावायला?"

"काऊन नको? बोलावलंय न्हवं गावाला?" ती उठली. "रव्याला म्हनावं लाव. फकस्त आवाज बंद ठिव. मी हाय की सांगायला."

शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. लुगडं-श्रीफळ झालं, भाषणं झाली. रविकिरणने टीव्ही लावला, आवाज बंद केला, आणि गुणाक्का खुर्चीवर बसून, सरळ पाय पुढे करून बोलायला लागली. अण्णा तेच, निळीमावशी तीच. आमची लेकरं, कुणाची नातवंडं, सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती, पडद्याकडे कमी. काढ्याच्या वेळी तिने माझ्याकडे बघून डोळा बारीक केला.

मग बर्फ पडायला लागला. यान उडालं. डबडू वर बघत राहिला. गुणाक्का बोलायची थांबली, आणि पडदा काळा झाला तरी बोलली नाही. मागे बसलेली म्हातारी माणसं खाली बघत होती. मी पदराचं टोक घट्ट धरून मारुतीचं नाव घेत होते.

शेवटी रविकिरणलाच राहवलं नाही. एवढा पोट सुटलेला माणूस, पण आवाज अगदी तिसरीतला निघाला. "अक्का, मग? न्यायला आले न्हवं त्येला?"

"न्हाई आले," गुणाक्का म्हणाली.

तिने सरळ पायावरून हात फिरवला.

"लई वाट बघितली त्यानं. यान काय आलं न्हाई. मग एक दिवस उठला. पाय ओढत, खडखड करत, त्या बर्फातून निघाला. त्या गोळ्यावर आनखी कोन कोन राहून गेलं व्हतं, कोन एकलंच रडून राहिलं व्हतं, त्येच्या दारात जाऊन बसायचा. म्हनायचा, चल. मला काय घाई न्हाई."

मागून पारूबाई नावाची तिच्याच वयाची एक म्हातारी उठली, वाट काढत पुढे आली आणि गुणाक्काचा हात हातात घेऊन नुसती उभी राहिली. रविकिरण पाठ फिरवून टीव्हीची वायर गुंडाळत होता. ती कधीच गुंडाळून झाली होती.

गुणाक्का माझ्या खांद्यावर हात ठेवून उठली. "चल सिंधे," ती म्हणाली, "ह्या समद्या गडबडीत मारुतीला तेल घालायचं राहिलं बघ आज."