भिंतीआडून हॅलोजन

माझी मुलगी बारावीला सायन्सला आहे. कॉलेज मालेगावला, रोज बसने जाते-येते. दिवाळीच्या आधी त्यांच्या केमिस्ट्रीच्या सरांनी वर्गातच तोंडी परीक्षा घेतली. त्या दिवशी ती घरी आली, दप्तर खुंटीला लावलं आणि कोणी न सांगता भांडी घासायला बसली. काहीतरी झालं हे मला तेव्हाच कळलं.

जेवताना तिने सांगितलं. सरांनी विचारलेलं सगळं तिला येत होतं, पण समोर माणूस बसला की तिचा आवाजच निघत नाही. सर म्हणाले, बोर्डाच्या प्रॅक्टिकललाही असंच तोंडी विचारतात, तिथे बाहेरगावचे परीक्षक येतील, ते तुझ्या तोंडाकडे पाहत थांबणार नाहीत.

"मी प्रॅक्टिकलले जातच नाही," ती म्हणाली. "लोकायसमोर शोभा कायले करून घेऊ?"

प्रॅक्टिकल बुडालं की बारावी बुडाली, एवढं मलाही समजत होतं. तिला रागावता येईना, कारण हा स्वभाव तिने माझ्याकडूनच घेतला आहे. घरी पाहुणे आले तर मी चहाचा ट्रे दारात ठेवते आणि मागे सरते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी मी म्हटलं, "मी तुले प्रश्न विचारत जाईन. सवय होईल."

"तू?" ती हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने जुन्या कॅलेंडरची पानं काढली आणि त्यांच्या पाठीवर मराठी अक्षरात प्रश्न लिहून दिले. तिचं पुस्तक इंग्रजीत असतं, ते मला कुठून वाचता येणार? पहिलं पान हॅलोजनचं होतं. सरांनी तिला नेमकं तेच विचारलं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही समोरासमोर बसलो. मी प्रश्न वाचला आणि जमिनीकडे पाहायला लागले. तीही जमिनीकडे पाहायला लागली.

"आई, तू मले प्रश्न विचारून राह्यली का माफी मांगून राह्यली?"

दोघीही खूप हसलो आणि तो दिवस तसाच गेला. मग मी एक सोय काढली. भाकरी करताना चुलीपाशी बसून प्रश्न विचारायचा, तिने पलीकडच्या खोलीतून उत्तर द्यायचं. मध्ये भिंत. हे मात्र छान जमलं. मी इकडून विचारायचे, "हॅलोजनचा क्रम सांगा," आणि ती तिकडून खणखणीत सांगायची, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. पहिले दोन वायू, ब्रोमीन लालसर पातळ, आयोडीन काळपट खडा. वरून खाली जाताना अणू मोठा होत जातो आणि त्याचा जोर कमी होत जातो.

मला सुरुवातीला हे उलटंच वाटलं. मी विचारलं, "आयोडीन येवढा मोठा, मंग त्याचाच जोर जास्त पाह्यजे ना?"

"नाही. अंगानं मोठा झाला का त्याचा बाहेरचा काठ मधल्यापासून लांब जाते. मधल्याची ओढ तिथवर पुरत नाही."

शेतात मोटारीचं पाणी शेवटच्या सरीपर्यंत जाता जाता बारीक होतं. मी ते डोळ्यांसमोर आणलं आणि मला पटलं.

कोण कोणाला क्षारातून बाहेर काढतो, यात ती स्वतः चुकायची. मग तिनेच एक युक्ती केली. "आबा आले का तू बाजेवरून उठते नाही? तसंच. क्लोरीन आला का ब्रोमीनले उठा लागते, आयोडीनलेही उठा लागते. आयोडीन बिचारा कोणालेच उठवत नाही." आबा म्हणजे माझे सासरे. त्यानंतर ती कधी चुकली नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात लवकर शिरली नाही. बाहेरचा इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची ताकद फ्लोरीनपेक्षा क्लोरीनची जास्त. फ्लोरीन इतका लहान की त्याच्या आतच दाटी, नवा आला की जुनेच त्याला ढकलतात. मी म्हटलं, मग पहिला नंबर क्लोरीनला द्या. ती म्हणाली, "नाही. दोन फ्लोरीनची जोडी लवकर सुटते आणि दुसऱ्याले तो घट्ट धरते. म्हणून सगळा हिशोब धरला तं फ्लोरीनच पुढं." हे तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं. सांगता सांगता तिचंच पक्कं झालं.

जानेवारी लागला. तुरी निघाल्या होत्या, हरभऱ्याला घाटे धरले होते. तिची बोटं काळी पडून यायची. प्रयोगात सिल्व्हर नायट्रेट नावाचं औषध असतं, ते सांडलं की कातडीवर डाग पडतो. मी लिंबू चोळून पाहिलं, गेला नाही. ती म्हणाली, कातडीबरोबरच जातो.

एका संध्याकाळी आमचं असंच चाललं होतं. सासरे ओसरीत बाजेवर पडून ऐकत होते. ते एकदम म्हणाले, "काहून वो माय, तुहा परीक्षा घेणारा चुलीजवळ बसून भाकरी थापते काय?"

मुलगी ओसरीत आली. मीही चूल सोडून बाहेर आले. आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. इतके दिवस आम्ही भिंतीशी बोलण्याचा सराव केला होता.

"समोर बसून विचारा तिले," सासरे मला म्हणाले. "बाजेवर बसा. साहेब खुर्चीवर बसते, खाली नाही बसत."

लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्यासमोर बाजेवर बसलेली नाही. मी पदर सावरून तशीच उभी राहिले. मग ते स्वतःच उठले, काठी घेतली आणि उंबऱ्यापाशी जाऊन बसले. मला बसावंच लागलं. पाय खाली जमिनीला टेकेनात असं वाटत होतं. समोर मुलगी उभी. मी कॅलेंडरचं पान धरलं.

"जोरात विचारा," उंबऱ्यावरून आवाज आला. "साहेब डरपोक नसते."

मी जोरात विचारलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. मुलीला पहिल्या दिवशी एकच उत्तर देता आलं, तेही अर्धं. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. माझ्या डोळ्यांकडे पाहणं जमेना, तेव्हा सासऱ्यांनी कपाळाकडे पाहायला सांगितलं. पुढे रोज भाकरी झाली की मी बाजेवर आणि ते उंबऱ्यावर, असं चालू राहिलं.

परीक्षेच्या दिवशी ती एकटीच बसने गेली. मी दिवसभर हरभऱ्याच्या शेतात होते, पण कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी ती आली आणि ओसरीतच बसली.

"बोलली का?" मी विचारलं.

"बोलली. हॅलोजनचंच विचारलं. सगळं सांगतलं. ते फ्लोरीन-क्लोरीनचंही."

माझा जीव भांड्यात पडला. पण तिचं तोंड उतरलेलंच होतं.

"मंग काय झालं?"

"त्याच्या आंधी माहं नाव विचारलं होतं. ते नाही सांगता आलं."

सरावात मी तिला नाव कधी विचारलंच नव्हतं. मलासुद्धा दवाखान्यात नाव विचारतात तेव्हा नवराच सांगतो.

"त्यायच्या कागदावर असनच की नाव," सासरे म्हणाले. "वाचून घेतलं असन त्यायनं. नावाचे कुठी मार्क राह्यते?"

मुलगी हसली आणि हातपाय धुवायला गेली.